बर्नार्डचा तारा एवढा जवळ, मग १९१६ पर्यंत सापडला कसा नाही?

कळंबा_कट्टा: बीएस्सी सेकंड इयरला आहे, सेमिनारला बर्नार्डचा तारा घेतलाय. अंतर ६ प्रकाशवर्षं. अल्फा सेंटॉरीची तिकडी सोडली तर सगळ्यात जवळचा. मग १९१६ का उजाडावं लागलं? आणि आपल्या इथनं दिसतो का? डिसेंबरात १०×५० ची दुर्बीण घेऊन तीन रात्री पन्हाळ्यावर कुडकुडलो, काही गावलं नाही.

फोटोकाका: लेकरा, डिसेंबरात तो सूर्याच्या शेजारी असतोय. अख्खा महिना बसला असतास तरी थंडीच गावली असती!

जवळचा असला तरी लाल बटू तो. तेज सूर्याच्या अर्ध्या टक्क्याएवढंही नाही, प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) साडेनऊ. नुसत्या डोळ्याला दिसायला पंचवीसपट तेजस्वी पाहिजे होता. दुर्बिणीत दिसला तरी हजार ठिपक्यांतला एक ठिपका, ओळखणार कशावरून?

सरकण्यावरून. मी चाळीस वर्षं महाद्वार रोडजवळच्या बोळात फोटो स्टुडिओ चालवला, निगेटिव्हचं रिटचिंग हेच पोटपाणी. वडलांच्या वेळच्या काचेच्या प्लेटाही हाताळल्यात. निगेटिव्हवर आकाश पांढरं, तारे काळे. अमेरिकेतल्या एडवर्ड बर्नार्ड या खगोलशास्त्रज्ञानं १८९४ ची प्लेट १९१६ च्या प्लेटशी ताडून बघितली, तर एक ठिपका जागेवर नाही. मी असतो तर धूळ समजून ब्रश फिरवला असता. त्यानं मोजलं: वर्षाला १०.३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). बावीस वर्षांत चंद्राच्या रुंदीचा आठवा भाग. आकाशात एवढ्या भराभर सरकणारा दुसरा तारा अजून सापडलेला नाही. नंतर हार्वर्डच्या १८८८ च्या प्लेटांवरही हाच निघाला, म्हणजे इतकी वर्षं कपाटात पडून होता.

हा बर्नार्ड नॅशव्हिलचा बिनबापाचा पोरगा. नवव्या वर्षी फोटो स्टुडिओत कामाला. काम काय, तर फोटो मोठे करायच्या यंत्राचं तोंड दिवसभर सूर्याकडं फिरवत राहायचं. यंत्राचं नाव ज्युपिटर! पुढं १८९२ ला गुरूचा पाचवा चंद्र त्यानंच शोधला. आमच्या धंद्यातला माणूस, म्हणून मला जरा जास्तच कौतुक.

मिसळ_डबलपाव: ग्रहांचं पण घाल. पीटर व्हॅन द कॅम्प या खगोलशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात तिथं ग्रह असल्याचं सांगितलं होतं. तो दुर्बिणीच्या भिंगाच्या जुळवाजुळवीमुळं झालेला भास निघाला. खरा ग्रह २०२४ मध्ये जाहीर झाला, चिलीतल्या दुर्बिणीवरून. त्याचं वर्ष तीन दिवसांचं.

कळंबा_कट्टा: भारी! काका, मग बघायचा कधी?

फोटोकाका: भुजंगधारी तारकासमूहात आहे. जून-जुलैत रात्री छान वर येतो, पण तेव्हा पावसाळा, आपण पंचगंगेच्या पुराच्या धास्तीनं राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसलेलो असतो. तेव्हा मे महिन्यात मध्यरात्रीनंतर, नाहीतर ऑक्टोबरात अंधार पडल्या पडल्या पश्चिमेला. चार-सहा इंची दुर्बीण कुणाकडनं तरी माग. आणि नकाशा ताजा घे. १९५० चा घेतलास तर तारा चंद्राच्या जवळपास अर्ध्या रुंदीएवढा उत्तरेला गेलेला असेल.




कळंबा_कट्टा: काका, नकाशा कॉलेजच्या लायब्ररीतला होता. आत्ता बघितलं, छापलाय १९५० सालाच्या हिशोबानं.