नियमित चालण्याने वजन खरोखर उतरते का?

ताळेबंद (धागाकर्ता)

वजन कमी करायचे आहे असे कोणी म्हटले की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘रोज चालत जा’. सांगणाऱ्याला तो सोपा असतो आणि ऐकणाऱ्यालाही झेपण्याजोगा वाटतो. त्यामुळे तो खरा आहे की नाही हे तपासण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडत नाही. चालण्याचे हृदयाला, रक्तातील साखरेला आणि झोपेला होणारे लाभ मला पूर्णपणे मान्य आहेत. माझा आक्षेप आहे तो चालणे हे वजन उतरवण्याचे मुख्य साधन म्हणून सुचवण्याला.

आधी हिशेब पाहू. ७० किलो वजनाची व्यक्ती सपाट रस्त्यावर ताशी ५ किलोमीटर वेगाने तासभर चालली, तर सुमारे २४५ किलोकॅलरी खर्च होतात. त्यांपैकी ७० तर ती व्यक्ती तेवढा वेळ खुर्चीत बसून राहिली असती तरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे चालण्याच्या खात्यावर निव्वळ १७५ जमा होतात. शरीरातील एक किलो चरबीत अंदाजे ७७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. भागाकार केला तर एक किलो चरबी घटवायला असे ४४ तास चालावे लागते. रोज अर्धा तास चालणाऱ्याला त्यासाठी जवळजवळ तीन महिने लागतील, आणि तेही खाण्यात कणभर वाढ झाली नाही तर. ३५ ग्रॅम साखर घातलेले एक पेय प्यायले की १४० किलोकॅलरी पोटात जातात, आणि ते संपवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

दुसरी अडचण भरपाईची आहे. चालून आलेला माणूस थोडे जास्त खातो, उरलेल्या दिवसात थोडा जास्त बसतो, आणि ‘आज चालून झाले आहे’ या समाधानात स्वतःला सवलत देतो. मनगटावरच्या घड्याळातील खर्चाच्या आकड्यात अनेकदा विश्रांतीच्या काळातील खर्चही मिसळलेला असतो, त्यामुळे ही सवलत आणखीच सैल होते. त्यापलीकडे शरीर स्वतःही काटकसर करते असे दिसते. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा या शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा दैनंदिन ऊर्जाखर्च मोजला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर, त्यांचा एकूण खर्च पाश्चात्त्य देशांतील बैठ्या लोकांपेक्षा वेगळा आढळला नाही. हाड्झा लोक मात्र कितीतरी अधिक चालतात.

या सगळ्यातून नुकसान होते ते चालण्याचेच. वजन उतरेल या आशेने सुरू केलेले चालणे, दोन महिन्यांनी काटा जागचा हलला नाही की बंद पडते, आणि त्याबरोबर ज्या लाभांविषयी शंका नव्हती तेही जातात.

पायवाट

आपला भागाकार बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ४४ तासांत एक किलो हा आकडा क्षुल्लक वाटतो, कारण आपण तो महिन्यांच्या मापाने पाहत आहात. तोच वर्षाच्या मापाने पाहिला तर रोज अर्धा तास चालणाऱ्याच्या नावे कागदावर चार किलो पडतात. आपण म्हणता त्या भरपाईत त्यातले निम्मे गेले असे धरले, तरी दोन उरतात. मध्यमवयात अनेकांचे वजन वर्षाला अर्धा-एक किलोने वाढत जाते आणि दहा वर्षांनी ते अचानक वाढल्यासारखे वाटते. ही वाढ जागच्या जागी थांबवणे हेसुद्धा वजनाचेच काम आहे. मात्र काट्यावर ते कधीच दिसत नाही, कारण जे वाढलेच नाही त्याची नोंद कोण ठेवणार?

दुसरे असे की आपण चालणे आणि आहार यांना एकमेकांसमोर उभे केले आहे. प्रत्यक्षात यशस्वी ठरलेल्या कार्यक्रमांत ते बरोबरीने आलेले दिसतात. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३२३४ जण तिच्यात सहभागी होते. जीवनशैली बदलण्याच्या गटासमोर वजन ७ टक्क्यांनी घटवणे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करणे अशी दोन उद्दिष्टे होती, आणि त्या व्यायामाचा नमुना म्हणून भरभर चालणेच सुचवलेले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. जीवनशैलीच्या गटात सरासरी ५.६ किलो वजनही कमी झाले.

आणि वजनकाट्यालाच एवढा मान का द्यावा? पोटाच्या आतील, यकृताभोवतीची चरबी नियमित व्यायामाने कमी होते, आणि एकूण वजनात फारसा फरक पडलेला नसतानाही ती कमी होऊ शकते. पट्ट्याचे भोक एकाने आत सरकले असताना केवळ काट्याकडे पाहून एखादा निराश होत असेल, तर मोजण्याचे साधन चुकले आहे असे म्हणावे लागेल.

रोखठोक

मी धागाकर्त्यांशी सहमत आहे. चालणाऱ्यांकडे बोट दाखवून ‘बघा, हे सगळे सडपातळ आहेत’ म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट सांगतो. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसचालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना बसून असणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होता. हा निष्कर्ष सर्वत्र सांगितला जातो. त्यानंतर १९५६ मध्ये त्याच संशोधकांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर नोकरीत शिरतानाच वाहकांपेक्षा मोठा असल्याचे दिसले. हा भाग सहसा कोणी सांगत नाही. चालल्यामुळे माणूस सडपातळ झाला, की सडपातळ होता म्हणून चालण्याच्या कामाकडे वळला, हे नुसते पाहून ठरत नाही.

पायवाट

@रोखठोक, गोष्ट उत्तम आहे आणि सावधगिरीचा इशाराही योग्य आहे. पण मी दिलेल्या चाचणीत कोणत्या गटात कोण जाईल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. विजारीच्या मापाचा आक्षेप तिला लागू पडत नाही.

स्नायुबंध

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या चर्चेत ‘चालणे’ ही जणू एकच ठरावीक कृती आहे असे गृहीत धरले गेले आहे, ते मला खटकते. फोनवर बोलत, दुकानांच्या काचांतून डोकावत काढलेला अर्धा तास आणि दम लागेल अशा चालीने काढलेला अर्धा तास घड्याळाला सारखेच दिसतात, शरीराला नाही.

चाल पुरेशी आहे का हे पाहण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. पंधरा सेकंदांत टाकलेली पावले मोजावीत. ती २५च्या आसपास आली, म्हणजे मिनिटाला सुमारे १०० झाली, तर बहुतेक प्रौढांसाठी ती मध्यम तीव्रता होते. त्या चालीत बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे मोजायला लावतो, तेव्हा ‘भरभर चालतो’ असे सांगणाऱ्यांपैकी बरेच जण अठरा-एकोणीसवर थांबतात. चढाचा उपयोग तर फारच थोडे लोक करतात. ताशी ५ किलोमीटर वेगाने ५ टक्के चढावर चालले, तर सपाटीच्या तुलनेत चालण्याचा निव्वळ खर्च जवळजवळ दुप्पट होतो. ज्यांना वेळ कमी आहे आणि ज्यांचे गुडघे व हृदय धड आहे, त्यांनी वेळ वाढवण्याआधी चढाचा रस्ता शोधावा.

‘सावकाश चालल्याने चरबी जास्त जळते’ हा समजही इथेच निकालात काढतो. मंद हालचालीत खर्च होणाऱ्या ऊर्जेतला चरबीचा वाटा टक्केवारीने मोठा असतो हे खरे, पण एकूण खर्चच लहान असतो. मोठ्या टक्क्याने लहान रकमेवर मिळणारे व्याज पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला एका बाबतीत मी पुष्टी देईन. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९ मध्ये मांडलेल्या भूमिकेनुसार आठवड्याला १५० ते २५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाने वजनात माफकच घट होते. डोळ्यांत भरण्याजोग्या घटीसाठी २५० मिनिटांहून अधिक लागतात. रोजच्या अर्ध्या तासाचे आठवड्याला २१० होतात. तेव्हा केवळ तेवढ्यावर वजनात मोठी घट होईल असे सांगणे ही फसवणूक आहे, मग सांगणारा कितीही सद्हेतूने सांगत असो.

ताळेबंद (धागाकर्ता)

स्नायुबंध यांनी मोजकेच पण नेमके लिहिले आहे. पायवाट यांनी दिलेल्या चाचणीबद्दल मला इतकेच म्हणायचे आहे की तिच्यात सहभागींना आहारातील कॅलरी आणि स्निग्ध पदार्थ कमी करण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण होते, प्रत्येकाला वैयक्तिक मार्गदर्शक होता आणि पाठपुरावाही होता. त्या सगळ्यांतून उतरलेल्या ५.६ किलोंचे श्रेय चालण्याला किती द्यायचे, हे त्या चाचणीच्या रचनेतून वेगळे काढता येत नाही. सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला ना मार्गदर्शक येतो ना पाठपुरावा. त्याला दारातून बाहेर पडतापडता ‘चालत जा’ एवढे दोन शब्द ऐकायला मिळतात. माझी तक्रार त्या दोन शब्दांबद्दल आहे.

वाढ थांबवण्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तसे असेल तर सल्ला देणाऱ्याने तसेच सांगावे की चालण्याने तुमचे वजन वाढायचे थांबेल, आणि उतरवायचे असेल तर ताटाकडे पाहावे लागेल. असे स्पष्ट सांगितले तर दोन महिन्यांनी कोणी निराश होणार नाही.

पायवाट

सांगण्याच्या पद्धतीवर आपले एकमत होऊ शकते, पण क्रमाबद्दल अजूनही नाही. ‘आधी ताट, मग चालणे’ या क्रमात एक गोष्ट निसटते, ती म्हणजे उतरलेले वजन टिकवणे. वजन उतरवणाऱ्यांची खरी परीक्षा तिथेच होते, कारण शरीर घटल्यावर त्याचा विश्रांतीचा खर्चही घटतो, आणि तो नुसत्या आकारमानावरून अपेक्षित असतो त्याहूनही जास्त घटू शकतो. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात स्पर्धकांचा विश्रांतीचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमीच राहिलेला आढळला. त्याच स्पर्धकांच्या पुढच्या विश्लेषणात असे दिसले की ज्यांचे वजन टिकले त्यांची शारीरिक हालचाल बरीच वाढलेली होती, आणि ज्यांचे परत वाढले त्यांची तितकी वाढलेली नव्हती.

किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवणाऱ्यांची एक नोंदवही रेना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू केली. त्या नोंदवहीतील लोकांच्या व्यायामात सर्वाधिक आढळणारा प्रकार चालणे हाच आहे. रोखठोक इथे पुन्हा विजारीचे माप काढतील आणि त्यात तथ्यही असेल, कारण नोंदणी करणारे हे स्वतःहून पुढे आलेले लोक आहेत. तरीही ज्या सवयीची गरज वजन उतरल्यावर सर्वाधिक भासणार आहे, ती पहिल्या दिवसापासून लावून घेण्यात शहाणपण आहे. उपाशीपणाने आधीच थकलेल्या माणसाला तिसऱ्या महिन्यात नवी सवय लावायला सांगणे मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

रोखठोक

काढणारच होतो, आपणच काढलेत म्हणून थांबतो.

नवशिका

चर्चा वाचून माहिती खूप मिळाली, पण सुरुवात कुठून करावी ते कळले नाही. माझे वजन बरेच जास्त आहे, जिना उतरताना गुडघे दुखतात आणि सर्वत्र दिवसाला १०,००० पावले सांगतात. तो आकडा ऐकूनच पाय गळतात.

स्नायुबंध

तो आकडा मनावर घेऊ नये. १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून तो पसरला. कोणत्याही वैद्यकीय चाचणीतून तो आलेला नाही. वयस्कर स्त्रियांवरील २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते, आणि साधारण ७,५०० नंतर लाभ वाढत गेलेला दिसला नाही. तो अभ्यास वजनाचा नव्हता, हे धागाकर्ते सांगण्याआधी मीच सांगतो.

आपल्या बाबतीत आधी गुडघे डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवावेत. त्यांनी परवानगी दिली की एकदम अर्धा तास न चालता तिन्ही मुख्य खाण्यांनंतर दहा-दहा मिनिटे सपाटीवर चालावे. खाल्ल्यानंतर लगेच स्नायू कामाला लागले की रक्तातील साखरेचा चढ कमी राहतो, आणि गुडघ्यांवर सलग भारही पडत नाही. चढाबद्दल मी वर लिहिले ते तूर्तास आपल्यासाठी नाही. उतार तर मुळीच नको. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला दिसला किंवा दुखणे आदल्या दिवसापेक्षा वाढलेले असेल, तर तेवढे दिवस चालणे निम्म्यावर आणावे. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्याबसण्याचा सराव करावा, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात आणि मांडीचे स्नायू गेले तर गुडघ्यांचे हाल वाढतात. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवरील एका अभ्यासात वजनातील प्रत्येक एका किलोच्या घटीमागे पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका झालेला दिसला होता, त्यामुळे थोडे उतरले तरी ते आपल्याला जिन्यावर जाणवण्याची शक्यता आहे.

ताटाचा प्रश्न आहारतज्ज्ञाकडे न्यावा. त्यात मी पडत नाही. वजन आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी, सकाळी काही खाण्यापूर्वी करावे. कमरेचा घेरही मोजावा: टेप सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मधोमध धरावी, श्वास सोडल्यावर वाचावी आणि पोट आत ओढू नये. दोन्ही आकडे एकाच वहीत लिहून तीन महिन्यांनी इथे कळवलेत, तर पुढचे पाहू.