‘मी उद्या येतो’ इंग्रजीत सांगताना एवढं का बदलतं?

प्रश्न, कोपरखैरणेहून: मुलगा नववीत आहे, मराठी माध्यम. डायरेक्ट-इनडायरेक्टचा, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगण्याचा (अप्रत्यक्ष कथनाचा) तक्ता त्याला तोंडपाठ आहे. विलचं वुड, हिअरचं देअर, टुमारोचं द नेक्स्ट डे. तरी वाक्य समोर आलं की अडतो. त्याचा प्रश्न असा: ‘दादा म्हणाला की मी उद्या येतो’ यात मराठीत काहीच बदलत नाही, मग इंग्रजीतच सगळं का बदलायचं?

उत्तर, नौपाड्यातून: मी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. तुमच्या मुलाने नेमक्या जागी बोट ठेवलंय. मराठीत ‘की’नंतर बोलणाऱ्याचं वाक्य बहुधा जसंच्या तसं राहतं. ‘मी’ म्हणजे दादा, ‘उद्या’ म्हणजे दादाचा उद्या. ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र अवतरणचिन्हं काढली की वाक्य सांगणाऱ्याचं होतं. मी, इथे, आता, उद्या हे सगळं मग सांगणारा जिथे आणि जेव्हा आहे तिथून मोजायचं.

समजा, मुलीने रबाळे स्टेशनवरून फोन केला, ‘इथे पाऊस पडतोय.’ आईने ठाण्यात बसून हे सांगितलं तर ‘शी सेड इट वॉज रेनिंग देअर.’ पण तिच्याशेजारी रबाळेलाच उभी असलेली मैत्रीण हेच सांगेल तेव्हा ‘हिअर’च राहील. तक्ता ‘हिअर’ला चूक ठरवेल, पण भाषेच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. टुमारोचंही तसंच. सोमवारी सकाळी ती म्हणाली ‘उद्या येते’ आणि तुम्ही सोमवारीच संध्याकाळी ते कुणाला सांगताय, तर ‘शी सेड शी वुड कम टुमारो’ चालतं. गुरुवारी सांगाल तेव्हा ‘द नेक्स्ट डे’ लागेल. परीक्षेत सांगणारा कुठे आहे, केव्हा सांगतोय हे दिलेलं नसतं. म्हणून तिथे तक्त्याप्रमाणे लिहावं. पण आधी ‘कोण, कुठून, केव्हा सांगतंय’ हे विचारायची सवय लावा, तक्ता नंतर.

काळाचं थोडक्यात: ‘सेड’ भूतकाळी म्हणून आतलं क्रियापद एक पाऊल मागे जातं. ‘सेज’ असेल तर काळ हलत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो अशा कायमच्या सत्यालाही हात लावायची गरज नाही.

ऐरोलीहून: मॅडमनी सांगितलेलं पटलं. आमच्या ऑफिसच्या ईमेलमध्ये रोज दिसतं ते ‘ही टोल्ड दॅट’. टोल्डला माणूस लागतो: टोल्ड मी, टोल्ड अस. माणूस सांगायचा नसेल तर सेड. आपण मराठीत ‘त्याने सांगितलं की’ म्हणतो, कुणाला ते गाळलं तरी चालतं, ती सवय इंग्रजीत उतरते. दुसरं, ‘शी आस्क्ड मी व्हेअर वॉज आय’. अप्रत्यक्ष कथनात प्रश्नाची रचना राहत नाही, साधं विधान होतं: ‘व्हेअर आय वॉज’. हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घालायचं.

घोडबंदर रोडवरून: मराठीत काहीच बदलत नाही हे मात्र पूर्ण खरं नाही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा:

‘सर म्हणाले की मी उद्या लवकर येईन.’
‘सर म्हणाले की मी उद्या लवकर यायचं.’

पहिल्यात ‘मी’ म्हणजे सर. दुसऱ्यात ‘मी’ म्हणजे सांगणारा विद्यार्थी! सरांचे मूळ शब्द ‘तू लवकर ये’ असे होते, ते विद्यार्थ्याने आपल्या बाजूने फिरवले. म्हणजे आज्ञा कळवताना आपणही अप्रत्यक्ष कथन करतोच, खूण फक्त ‘यायचं’ या रूपात आहे. इंग्रजीत पहिल्याचं ‘सर सेड ही वुड कम अर्ली’, दुसऱ्याचं ‘सर टोल्ड मी टू कम अर्ली’. मुलाकडून ही जोडी घोकून न घेता मोठ्याने बोलून घ्या. फरक कानालाच कळतो.

आणि आपलं ‘म्हणे’ विसरू नका. ‘उद्या पाणी येणार नाही म्हणे.’ कोण म्हणालं ते सांगायची गरजच नाही. बातमी दुसऱ्याची आहे, तिची हमी माझी नाही, एवढं त्या एका शब्दात येतं. मला हा मराठीतला फार देखणा शब्द वाटतो. इंग्रजीत इथे ‘ही सेड’ लिहून भागत नाही, ‘अपॅरन्टली’ किंवा ‘आय हिअर’ असं काहीतरी घ्यावं लागतं.

कोपरखैरणेहून पुन्हा: रबाळेचं उदाहरण त्याला लगेच कळलं, मनापासून आभार. एकच राहिलं. मस्टचं नेहमी हॅड टू करायचं का?

नौपाड्यातून: नाही ताई. सक्ती असेल तर हॅड टू. मस्ट तसंच ठेवलं तरी चूक नाही, पण पेपरात हॅड टू लिहू दे. अंदाज असेल तर मस्टच ठेवायचं. ‘ही मस्ट बी टायर्ड’चं ‘शी सेड ही मस्ट बी टायर्ड’. तिथे हॅड टू घातलं तर त्याला दमायची सक्ती होती असा अर्थ होईल.