कोट्झियास यांचे नेमके श्रेय

पार्किन्सन (हालचाली मंदावून शरीर ताठरणारा आजार) आणि त्यावरचे औषध लेव्होडोपा यांच्या इतिहासात एक प्रश्न विचारला जातो: व्हिएन्नात बिर्कमायर आणि हॉर्निकिएविच या संशोधकांनी 1961 मध्येच रुग्णांना लेव्होडोपा टोचून गुण दाखवला होता, तर मग नंतर याच औषधावर काम करणारे डॉक्टर जॉर्ज कोट्झियास यांचे एवढे कौतुक कशासाठी? माझ्या मते ते मात्रेसाठी आहे.

व्हिएन्नातला परिणाम थक्क करणारा होता, पण तो काही तासच टिके. शिवाय इतरांना तो खात्रीने पुन्हा दाखवता येईना, म्हणून अनेकांनी हा नाद सोडला होता. क्रीटमध्ये जन्मलेले कोट्झियास या विषयाकडे मँगनीजच्या वाटेने आले. चिलीतल्या खाणकामगारांमध्ये त्या धातूच्या विषबाधेने पार्किन्सनसारखा ताठरपणा येत असे, आणि त्याचाच ते अभ्यास करत होते. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत त्यांनी डोपा (लेव्होडोपा ज्याचा एक भाग असतो ते मिश्रण) तोंडावाटे, अगदी थोड्या मात्रेपासून सुरू केले. हे द्रव्य मेंदूत पोहोचण्याआधीच बाहेर त्याचे डोपामाइन (मेंदूत हालचालींसाठी लागणारे रसायन) होऊ लागते आणि रुग्णाला मळमळते, उलट्या होतात. म्हणून मात्रा हळूहळू, शरीराला सवय होईल तशी, दिवसाला अनेक ग्रॅमपर्यंत वाढवायची, हा धीर त्यांनी दाखवला. 1967 च्या त्यांच्या निबंधात 16 रुग्ण होते, आणि दिवसाची मात्रा 3 ते 16 ग्रॅम होती.

पुढे निव्वळ लेव्होडोपा वापरताना उपचारामुळे उद्भवणाऱ्या अनैच्छिक हालचालीही त्यांनी नोंदवल्या. यशाच्या भरात ही नोंद त्यांनी टाळली नाही, याचे मला विशेष मोल वाटते.