अनुभव धागा : बाबागाडी निवडताना काय पाहिले आणि काय पाहायचे राहून गेले?

माझी मुलगी येत्या पंधरवड्यात सहा महिन्यांची होईल. आम्ही पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही, आणि दिवसभर घरी मी व सासूबाई अशा दोघीच असतो. बाबागाडी घ्यायची म्हणून गेल्या रविवारी तीन दुकाने पालथी घातली. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक गाडी एका बोटाने चालत होती. दुकानदाराची परवानगी घेऊन त्यांतलीच एक गाडी बाहेरच्या पदपथावर नेली, तर पेव्हर ब्लॉकच्या पहिल्याच फटीत पुढची चाके आडवी वळून अडकली. तेव्हा लक्षात आले की गाडीचा दांडा, रंग, कप ठेवायची जागा हे सगळे पाहण्याआधी आपला रस्ता आणि आपला जिना पाहायला हवा होता.

म्हणून हा धागा. कोणत्या कंपनीची गाडी घेतली हे सांगितले नाही तरी चालेल. आपण गाडी कुठे चालवता, ती उचलते कोण, घरात ठेवता कुठे, बाळ किती महिन्यांचे असताना घेतली आणि किती काळ वापरली, हे मात्र अवश्य लिहावे. चुकलेल्या खरेदीचे अनुभव तर हवेच आहेत. (पांगुळगाड्याविषयी इथे नको, तो वेगळा विषय आहे.)

दादर, मुंबई. दोन वर्षांच्या मुलाची आई

आम्हांला गाडी भेट मिळाली, त्यामुळे निवडण्याचा प्रश्नच आला नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. वजन साडेअकरा किलो, मागची चाके मोठी, खाली सामानाची प्रशस्त टोपली. आमची इमारत जुनी आहे, दुसरा मजला, लाकडी जिना, वळणावर एका वेळी एकच माणूस मावतो. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात साडेअकरा किलो हे मला एकदाही जमले नाही. मग गाडी तळमजल्यावर शेजाऱ्यांच्या ओट्यावर साखळी लावून ठेवू लागलो. पावसाळ्यात तिच्या सांध्यांना गंज चढला.

पण मला सांगायचे आहे ते दुसरेच. मुलगा नऊ महिन्यांचा असताना शिवाजी पार्कहून परतताना भाजी घेतली. टोपलीत पाण्याची बाटली आणि चादर होती, म्हणून भाजीची पिशवी दांड्याला अडकवली. दोन किलो कांदे, किलोभर टोमॅटो, वर कोथिंबिरीची जुडी. मुलगा पट्ट्यात बसून पुढे झुकला होता, तोवर तोल सांभाळला गेला. त्याने पाठ मागे टेकली आणि त्याच क्षणी मी सुटे पैसे काढण्यासाठी दांड्यावरचा हात सोडला. गाडी पुढून उचलली जाऊन सरळ पाठीवर पडली. खांदे, कंबर आणि दोन पायांमधून येणारा असा पाच ठिकाणी बांधणारा पट्टा लावलेला होता, म्हणून मुलगा बाहेर फेकला गेला नाही. गाडीचे छत आधी टेकल्यामुळे डोक्याला लागले नाही. तो रडलाही नाही, मी मात्र तिथेच खाली बसून रडले. दांड्याला पिशवी अडकवायचे आकडे गाडीसोबत फुकट मिळतात. कृपया ते लावू नका.

म्युनिक, जर्मनी. सव्वा वर्षाच्या मुलीचा बाबा

इथे बाळंतपणानंतर हेबामे, म्हणजे प्रशिक्षित सुईण, घरी येऊन जाते आणि तिचा खर्च आरोग्य विम्यातून होतो. आम्हांला बाबागाडीविषयी जे काही कळले ते तिच्याकडूनच. तिने सांगितले की बाळ स्वतःचे स्वतः बसू लागेपर्यंत त्याला सपाट निजता आले पाहिजे, कारण मानेला बळ नसताना हनुवटी छातीवर टेकली तर श्वासाचा मार्ग दबतो. युरोपच्या ईएन १८८८ या मानकानुसार नवजात बाळासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बैठकीची पाठ आणि आसन यांतला कोन किमान १५० अंश उघडावा लागतो. मोटारीतले बाळाचे आसन काढून थेट गाडीच्या सांगाड्यावर बसवण्याची सोय दिसायला फार उपयोगी वाटते, पण त्यात बाळ सतत अर्धवट वाकलेल्या स्थितीत राहते. तेव्हा ते फिरायला जाण्याचे किंवा तासन्‌तास झोपण्याचे ठिकाण नव्हे, हे तिने आम्हांला दोनदा बजावले.

आम्ही हवा भरायची मोठी चाके आणि सपाट बिछाना असलेली गाडी घेतली. वजन साडेतेरा किलो. इथे ते वजन जाणवत नाही, कारण ते उचलावे लागत नाही. बसच्या दाराशी बाबागाडीचे चित्र असलेले निळे बटण असते, ते दाबले की चालकाला कळते आणि दार घाईने मिटत नाही. बसचा तळ पदपथाच्या उंचीला येतो, आत गाडी उभी करायला मोकळी जागा असते. जानेवारीच्या बर्फातही मुलगी त्या बिछान्यात लोकरी पोत्यात गुरफटून दीड तास झोपे आणि मी इझार नदीच्या काठाने चालत राही.

मग डिसेंबरात आम्ही साताऱ्याला घरी आलो आणि हट्टाने तीच गाडी आणली. पहिल्या दिवशी राजवाड्यापर्यंत नेली. पदपथ संपतो, पुढे दुचाकी लावलेल्या, म्हणून रस्त्यावर उतरायचे, पुन्हा वीतभर उंचीचा कठडा, पुन्हा उचला. पाऊण तासात ती मी अकरा वेळा उचलली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी माझ्या वडिलांच्या कडेवर बसून सगळीकडे फिरली आणि गाडी माजघरात राहिली, दुपारची झोप मात्र ती तिथे त्याच बिछान्यात घेई. गाडी तीच, बाळ तेच, फक्त रस्ता बदलला होता. भारतात येणाऱ्यांनी इथली जड गाडी आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दोन आठवड्यांसाठी हलकी गाडी भाड्याने घ्यावी किंवा नात्यात कुणाची असेल ती मागून घ्यावी.

पणजी, गोवा

थोडक्यात लिहिते. मिरामारला वाळूत कोणतीच लहान चाकांची गाडी चालत नाही, ती ढकलायची नसून उलटी फिरवून मागे ओढायची असते. किनाऱ्याच्या कडेचा फरसबंद रस्ता मात्र उत्तम आहे. खाऱ्या वाऱ्याने चाकांचे आस लवकर झिजतात. दर रविवारी ओल्या फडक्याने पुसून थोडे तेल सोडले की वर्षभर कुरकुर होत नाही.

नागपूर. दहा महिन्यांच्या मुलाची आई

आमच्याकडे रस्ते रुंद आहेत आणि लिफ्टही आहे, आमचा प्रश्न उन्हाचा. छत किती खाली येते आणि पाठीमागे जाळीची खिडकी आहे का, हे मी आधी पाहिले आणि चाके नंतर. गडद रंगाची, आतून प्लास्टिकचे अस्तर असलेली गाडी दहा मिनिटांत तापते. पट्ट्याचे बक्कल धातूचे असेल तर तेही तापते, हे मला मुलाच्या मांडीवर उठलेल्या रुपयाएवढ्या लाल डागाने शिकवले. आता त्याला बसवण्याआधी बक्कल माझ्या मनगटाला लावून पाहते.

ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटे पांघरण्याची आपल्याकडे सवय आहे, त्याविषयी मला आवर्जून लिहायचे आहे. कापड पातळ असले तरी आतली हवा कोंडते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली हे मोजून दाखवले: कोरड्या मलमलीने झाकलेल्या गाडीत तापमान जवळपास चार अंशांनी वाढले, तर ओली मलमल आणि सोबत लहान पंखा असताना ते जवळपास पाच अंशांनी उतरले. ओले कापडही पाव तासात सुकते आणि पुन्हा भिजवावे लागते. मे महिन्यात मी त्या भानगडीत पडत नाही. सकाळी साडेसहाला निघून साडेसातच्या आत घरी, किंवा दिवस मावळल्यावर फुटाळा तलावाकडे, एवढेच आमचे फिरणे.

ठाणे. जुळ्या मुलींचे आईबाबा

जुळ्यांसाठी दोन प्रकार मिळतात, शेजारी शेजारी बसवणारी आणि एकामागे एक बसवणारी. आम्हांला शेजारी शेजारी हवी होती, कारण मागच्या बाळाला पुढच्याची पाठ तेवढी दिसत राहावी हे मनाला पटेना. गाडीची रुंदी ७६ सेंटिमीटर होती. ऑनलाइन मागवली, जोडली, दोघींना बसवले, बाहेर आलो, आणि लिफ्टचे दार ७० सेंटिमीटर निघाले. सहा सेंटिमीटरसाठी बावीस हजारांची गाडी परत गेली, आणि परतीच्या वाहतुकीचे पैसे आमच्याकडून गेले ते वेगळेच.

तेव्हा मोजपट्टी घेऊन पुढील गोष्टी मोजा: लिफ्टचे दार, घराचे दार (सुरक्षा दार असेल तर त्याची उघडी रुंदी), आणि सोसायटीच्या फाटकातली पायी जायची खिडकी. दुचाक्या चढू नयेत म्हणून पदपथावर जे खांब रोवतात, त्यांतले अंतरही मोजा, कारण आमच्या भागात काही ठिकाणी त्यांतून एकेरी गाडीसुद्धा तिरकी करून काढावी लागते. शेवटी आम्ही एकामागे एक बसवणारी घेतली. मुलींची जागा रोज आलटून पालटून बदलतो आणि त्यांची काही तक्रार नाही.

लंडन. तीन वर्षांच्या मुलाची आई

छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी हा मला आईपणातला मोठा दिलासा वाटतो, म्हणून तिच्या जनकाविषयी दोन ओळी. ओवेन मॅक्लारेन हे विमानअभियंते, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या घडीच्या चाकांवर काम केलेले. लेक नातवंडाला घेऊन परदेशातून आली, तिच्याजवळच्या अवजड गाडीने तिचे होणारे हाल त्यांनी पाहिले आणि १९६५ साली ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोंहून कमी वजनाची, एका हाताने मिटणारी गाडी आखली. विमानाची चाके पोटात ओढून घेण्याची युक्ती त्या बापाने लेकीसाठी वापरली, हे मला फार हृद्य वाटते.

इथल्या भुयारी रेल्वेच्या बहुसंख्य स्थानकांत आजही पायऱ्या टाळता येत नाहीत, म्हणून मला सहा किलोंच्या वरची गाडी नकोच होती. बसमध्ये गाडी उभी करायची जागा मुळात चाकाच्या खुर्चीसाठी राखलेली असते. त्यावरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितले की जागा सोडण्याची नुसती विनंती करून चालकाने थांबू नये. चाकाची खुर्ची आली की मी मुलाला उचलते आणि गाडी मिटते. ती एका हाताने, दुसऱ्या हातात मूल असताना मिटते का, हे दुकानातच करून पाहा, आणि विक्रेत्याच्या नव्हे तर स्वतःच्या हाताने.

सातारा रस्ता, पुणे. नातीचे आजोबा

रोज गाडी चालवणारा मी आहे, पण खरेदीला मला कुणी नेले नाही. माझी उंची पाच फूट अकरा इंच, दांडा माझ्या मांडीशी. पंधरा दिवसांत कंबर धरली. दांड्याची उंची कमीजास्त होणारी गाडी आता घेतली आहे. आईवडिलांनी लक्षात घ्यावे की गाडी ज्याच्या हातात राहणार, त्याला दुकानात न्यावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गाडी उघडताना नात जवळ उभी होती आणि तिने बिजागरीत बोट घातले. माझे लक्ष गेले म्हणून निभावले, नखाखाली रक्त साकळण्यावर भागले. २००९ साली अमेरिकेत मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या घटनांनंतर सुमारे दहा लाख छत्रीगाड्यांच्या बिजागऱ्यांसाठी आवरणे द्यावी लागली होती. आता गाडी उघडता-मिटताना मी नातीला आधी सोफ्यावर बसवतो. बिजागरी उघडी दिसत असेल तर ती गाडी घेऊ नये.

कोल्हापूर

आम्ही मावसबहिणीची गाडी वापरली, आठ महिने, मुख्यतः रंकाळ्यावर. चालू लागल्यावर मुलगा गाडीत बसायला तयार होईना, ती स्वतः ढकलू लागला. आता ती चुलत दिराकडे आहे. जुनी गाडी घेताना ब्रेक लावून उतारावर उभी करून पाहावी आणि पट्ट्याचे बक्कल जोराने ओढून पाहावे, बाकी डागांची काळजी करू नये.

नाशिक. सहा वर्षांच्या मुलाची आई

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही. तो चालत नाही आणि आधाराशिवाय बसत नाही. चार वर्षांचा होईपर्यंत आम्ही साधी बाबागाडी वापरली, कारण ती ढकलताना कुणी वळून पाहत नसे. ते कारण मला आज बरोबर वाटत नाही. साध्या गाडीची मर्यादा बहुधा १५ किलो असते, आणि त्याहून मोठा तोटा असा की तिचे आसन झोळीसारखे खाली दबते. मूल त्यात घसरते, कंबर तिरकी होते, आणि तासाभराने पाय कात्रीसारखे आवळून येतात. फिजिओथेरपिस्टांनी त्याला सरळ धरून दाखवले, तेव्हा मला फरक दिसला: बैठक टणक हवी, कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात हवेत, पाय टेकायला फळी हवी आणि मानेला दोन्ही बाजूंनी आधार हवा.

अशा खुर्च्या महाग असतात, पण केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र कुटुंबांना साहाय्यक साधने मिळतात, आणि कानपूरची एलिम्को ही सरकारी संस्था सीपी चेअर, म्हणजे अशा मुलांसाठीची आधाराची खुर्ची, बनवते. आम्हांला शिबिरात मोजमाप घेऊन खुर्ची मिळाली. ती बाबागाडीसारखी चटकन मिटत नाही आणि रिक्षात चढवायला दोन माणसे लागतात. पण तिच्यात बसल्यावर त्याची मान वर राहते. पूर्वी गंगापूर रोडने जाताना त्याला आपले गुडघेच दिसत असत. आता समोरून बस आली की तो हात उचलून दाखवतो. कुणाच्या घरी असे मूल असेल तर त्यांनी कृपया इथे लिहावे, पट्टे कुठे सैल ठेवायचे आणि कुठे आवळायचे हे मला अजून शिकायचे आहे.