आईची साखर घरी मोजायला काय घेऊ? (बजेट ३०००)

मीनल_पुणे
आई ६८ वर्षांची, संगमनेरला एकटी राहते. टाइप २ मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. लॅबवाला महिन्यातून एकदा येऊन रक्त नेतो. हल्ली पहाटे तिला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, पण लॅबचा रिपोर्ट चांगला येतो. घरी मोजायला काहीतरी घ्यायचंय, आकडा मला इथे फोनवर दिसला तर उत्तम. बजेट ३०००, पट्ट्या धरून. आईकडे स्मार्टफोन आहे, पण व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूबच्या पुढे ती जात नाही. तुम्ही काय वापरता?

भाऊ_नाशिककर
सेन्सर लावा, दुसरा विचारच करू नका. मी फ्रीस्टाइल लिब्रे वापरतो. दंडाला चिकटवायचा, १४ दिवस चालतो, सुई टोचणं बंद. एक सेन्सर पाच हजारांच्या आसपास पडतो, पण आईपेक्षा पैसे मोठे का? मला त्यामुळेच कळलं की पोहे खाल्ले की माझी साखर दोनशेच्या वर जाते आणि ज्वारीच्या भाकरीने तेवढी जात नाही.

सुगरण_कोल्हापूर
भाकरीनेही वाढतेच की! चार भाकऱ्या खाल्ल्यावर ज्वारी काय करणार? किती खाता आणि सोबत उसळ-भाजी किती, यावर सगळं आहे.

भाऊ_नाशिककर
मी दोनच खातो.

टेकसॅव्ही_ठाणे
एवढा खर्च कशाला? सुई न टोचता साखर दाखवणारी घड्याळं दोन हजारांत मिळतात. मेव्हण्याने घेतलंय. साखर, बीपी, ऑक्सिजन, झोप, सगळं मनगटावर.

अनघा_सिस्टर
ते घड्याळ कृपया घेऊ नका. सुई न टोचता साखर मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांच्या नियामक संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता. आमच्या वॉर्डात एक आजोबा असं घड्याळ घालून आले होते. जेवणानंतर त्यावर ११२, त्याच वेळी ग्लुकोमीटरवर, म्हणजे बोटातलं रक्त पट्टीवर घेऊन मोजणाऱ्या मशीनवर, २३८. घड्याळ बघून त्यांनी गोळी सोडली होती.
मीनल, तुझ्या प्रश्नात मला घामाची जास्त काळजी वाटते. ग्लिमेपिराइडने साखर खाली जाऊ शकते, विशेषतः गोळी घेतली आणि रात्री नीट जेवण झालं नाही तर. लॅबवाला सकाळी येतो, त्याला पहाटेचं कळणार नाही. आई उपवास करते का?

मीनल_पुणे
करते! गुरुवार आणि एकादशी. सध्या चातुर्मासात रात्री फक्त दूध.

अनघा_सिस्टर
मग आजच डॉक्टरांना फोन कर आणि उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते विचार. परस्पर बंदही करू नका. घाम आला, थरथरलं की लगेच मोजायचं. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. मशीन हाताशी नसेल तर मोजायची वाट न बघता साखर घ्यायची. उपवास असला तरी.

एडिसनकर
इथे अमेरिकेत २०२४ पासून सेन्सर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. डेक्सकॉमचा स्टेलो. मी तोच लावतो, फोनवर सुंदर आलेख येतो. भारतात कोणी येत असेल तर पाठवून द्या.

अनघा_सिस्टर
स्टेलो साखर खाली गेल्यावर अलार्म देत नाही. या आजींना उपयोग नाही.

रमेश_सातारा
सेन्सरचा आमचा अनुभव वेगळा आहे. वडील सेन्सरच्याच कुशीवर झोपायचे, दंड दबला की रात्री ५५ दाखवायचं. आम्ही घाबरून उठवायचो, बोटातून मोजलं तर १२०. सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे आकडा काही मिनिटं मागे असतो. शिवाय जुन्या प्रकारात आठ तासांचाच डेटा साठतो, तेवढ्यात एकदा तरी फोन दंडाजवळ न्यावा लागतो. एकट्या आजी हे करतील का?

भाऊ_नाशिककर
माझी ८० वर्षांची मावशी करते.

कागदपत्र_काका
आधी आभा कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य ओळखपत्र, काढा. १४ आकडी क्रमांक मिळतो, सगळे रिपोर्ट एका जागी राहतात. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा सल्लाही मोफत मिळतो.

विदिशा
काका, आभाने साखर मोजली जात नाही. आणि आरोग्याची सगळी माहिती एकाच क्रमांकाला जोडायची की नाही, हे आईंना ठरवू द्या. ते ऐच्छिक आहे.

कागदपत्र_काका
माहिती देताना दर वेळी संमती विचारतात. माझे जुने रिपोर्ट पावसात भिजले होते, म्हणून सांगतोय.

विदिशा
त्यावर वेगळा धागा काढू या. मीनल, ब्लूटूथचं ग्लुकोमीटर घे. बजेटमध्ये बसतं आणि आकडा आपोआप अ‍ॅपमध्ये जातो.

रमेश_सातारा
ब्लूटूथला अनुमोदन. पट्ट्यांची किंमत आधी बघा, खरा खर्च तिथे आहे. डबीचं झाकण लगेच लावायचं, दमट हवेने पट्ट्या खराब होतात.

टेकसॅव्ही_ठाणे
ब्लूटूथ ग्लुकोमीटरच घ्या. घड्याळाचं मेव्हण्याला आजच सांगतो.

सुगरण_कोल्हापूर
मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या हाताने मोजलं की उगाच तीनशे दिसतं. आणि बोटाच्या टोकाला नको, कडेला टोचा, कमी दुखतं.

भाऊ_नाशिककर
मी पुन्हा सांगतो, सेन्सर.

मीनल_पुणे
सगळ्यांचे आभार, विशेषतः अनघाताईंचे. डॉक्टरांशी बोलले. त्यांनी रात्रीच्या जेवणाचं विचारून ग्लिमेपिराइडचा डोस कमी केला आणि पुढचे काही दिवस पहाटे तीन वाजता मोजायला सांगितलं.
मशीन मात्र मी साधंच घेतलं, ब्लूटूथ नसलेलं. मोठे आकडे, पट्टी घातली की आपोआप सुरू होतं, बटण दाबायला लागत नाही. ब्लूटूथवालं दुकानात आईच्या हातात देऊन पाहिलं. फोनने परवानगी मागितली तशी तिने दोन्ही वस्तू माझ्याकडे परत दिल्या. जे तिला माझ्याशिवाय वापरता येणार नाही, ते पहाटे तीनला काय कामाचं? आता ती आकड्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. तेवढं तिला छान येतं. पट्ट्यांचे दोन डबे धरून तीन हजारांच्या आत बसलं. उशाशी साखरेची डबी आणि पाण्याचा तांब्या ठेवलाय. एकादशीबद्दल मात्र ती अजून ऐकत नाहीये.

अनघा_सिस्टर
फोटोत वेळ दिसते ना? आणि जेवणाआधीचा की नंतरचा, ते एका शब्दात लिहायला सांग. डॉक्टरांना तेच लागतं.

भाऊ_नाशिककर
दिवाळीला बोनस मिळाला की सेन्सर घ्या.