शब्दचर्चा : ‘माहिती प्रणाली’ या शब्दातील ‘प्रणाली’

मूळ प्रश्न (रत्नागिरीहून, वाणिज्य शाखेच्या एका शिक्षिकेकडून)

‘व्यवसायातील माहिती प्रणाली : फायदे आणि तोटे’ या घटकाची मराठी टिपणे मी सध्या तयार करीत आहे. ‘माहिती प्रणाली’ हा शब्द परिभाषेत रुळला आहे, परंतु माझे विद्यार्थी तो वाचून ‘म्हणजे कॉम्प्युटरच ना?’ असे विचारतात. काही जण ‘माहिती यंत्रणा’ म्हणतात, कुठे ‘माहिती व्यवस्था’ असेही वाचायला मिळते, आणि बोलताना तर सगळ्यांच्या तोंडी ‘सिस्टिम’ हाच शब्द असतो. यांपैकी कोणता शब्द अर्थाच्या सर्वांत जवळ जातो? शिवाय ‘फायदे-तोटे’ ही जोडी येथे योग्य आहे का, याविषयीही जाणकारांनी लिहावे.

पहिला प्रतिसाद (देवगड तालुक्यातून, एका निवृत्त हिशेबनिसाकडून)

ताई, ‘प्रणाली’ हा शब्द बदलू नये, तो उलगडून सांगावा, असे माझे मत आहे. संस्कृतात ‘प्रणाल’ किंवा ‘प्रणाली’ म्हणजे पाणी वाहून नेणारी वाट, आणि आपली ‘पन्हळ’ त्याच शब्दापासून आलेली आहे. पोफळीचे खोड उभे चिरून, आतला गाभा कोरून काढून केलेली पन्हळ माझ्या लहानपणी आमच्या आगरात होती. रहाटाने उपसलेले पाणी डोणीत पडे, डोणीतून पन्हळीत, पन्हळीतून पाटात आणि पाटातून एकेका पोफळीच्या आळ्यात जाई. पाटाला जेथे जेथे फाटा फुटे तेथे मातीचा लहानसा बांध घातलेला असे. शिंपणारा माणूस खोरे घेऊन उभा राही आणि एक आळे भरले की तो बांध फोडून पाणी पुढच्या आळ्याकडे वळवी. पन्हळीला चीर पडली तर पाणी मध्येच गळे, आणि शिंपणाऱ्याचे लक्ष नसले तर एक झाड पाण्यात उभे राही व दुसरे कोरडे. विहीर, रहाट, पन्हळ, पाट, पाण्याची पाळी आणि शिंपणारा, हे सारे मिळून शिंपणे होत असे. नुसत्या रहाटाला कोणी शिंपणे म्हटले नाही.

व्यवसायातील माहिती प्रणालीची मांडणी हीच आहे. तिच्यात यंत्रसामग्री असते, आज्ञावली (सॉफ्टवेअर) असते, नोंदलेला विदा (डेटा) असतो, तो कोणी, केव्हा आणि कसा नोंदवायचा याची ठरलेली पद्धत असते आणि ते काम करणारी माणसे असतात. संगणक हा त्यातला रहाट आहे. विद्यार्थ्यांचा गोंधळ होण्याचे एक कारण असे की, शासकीय मराठीत आज्ञावलीलाच अनेकदा ‘संगणक प्रणाली’ म्हटले जाते, त्यामुळे ‘प्रणाली’ म्हणजे पडद्यावर उघडणारी वस्तू असा समज होतो. हा वापर टाळता आला तर टाळावा. ‘यंत्रणा’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ बंधन, नियंत्रण असा आहे आणि मराठीत तो एखादे काम पार पाडणाऱ्या मनुष्यबळासाठी स्थिरावला आहे. ‘यंत्रणा सज्ज आहे’ असे आपण म्हणतो ते त्याच अर्थाने. माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहते, हा भाव त्या शब्दात नाही. ‘व्यवस्था’ हा शब्द इतका मोठा आहे की त्यात काहीही बसते.

‘विदा’ आणि ‘माहिती’ यांतला फरक मला आंब्याच्या पट्टीवरून उमगला. नव्या पिढीसाठी सांगतो : वाशीच्या बाजारात पेट्या विकल्या गेल्या की व्यापारी बागायतदाराला हिशेबाचा जो कागद पाठवी, ती पट्टी. पातळ कागदावर कार्बनची जांभळी अक्षरे उमटलेली असत. वरती पेट्यांची संख्या आणि प्रत, मध्ये दर, त्याखाली भाडे, हमाली वगैरे वजा केलेले आणि तळाशी निव्वळ रक्कम. ती हातात पडेपर्यंत पुढच्या दोन-तीन गाड्या अंदाजानेच रवाना झालेल्या असत. एका पट्टीवरचा आकडा हा विदा. हंगामभराच्या पट्ट्या तारखेप्रमाणे लावून, कोणत्या आठवड्यात कोणत्या प्रतीला काय दर मिळाला हे काढले, की ती माहिती. आणि तिच्या आधारे ‘उद्याची तोड पेटीत भरायची की कॅनिंगला द्यायची’ हे ठरवणे म्हणजे निर्णय. व्यवहार नोंदवणारी प्रणाली, व्यवस्थापकीय माहिती प्रणाली आणि निर्णयाला साहाय्य करणारी प्रणाली असे जे तीन मजले पाठ्यपुस्तके सांगतात, ते या एका कागदाच्या प्रवासात दिसतात. आपण पट्टीच वर्गात नेऊन दाखवावी.

लाभ कोणता, तर पहिला हा वेळेचा. जो दर कळायला पूर्वी आठवडा जाई, तो आता विक्रीच्या दिवशीच फोनवर येतो आणि दुसऱ्या दिवशीची तोड त्यावर ठरवता येते. दुसरा लाभ मला याहून मोठा वाटतो, तो म्हणजे मालाचे मूळ दाखवता येणे. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली होती आणि जानेवारी २०१५ मध्ये ती बंदी उठवली. त्या बाजारात फळ पाठवायचे तर बागेची ‘मँगोनेट’ या निर्यातीच्या आंबाबागांच्या नोंदप्रणालीत नोंदणी लागते, म्हणजे परदेशात खोके उघडल्यावर त्यातला आंबा कोणत्या बागेतला आहे, तेथपर्यंत मागे जाता येते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण पेटीवर ‘देवगड’ असे कोणीही छापू शकतो, तेव्हा ते मानांकन टिकवायचे असेल तर बागेपासून ग्राहकापर्यंतची नोंद अखंड असली पाहिजे.

आता ‘तोटे’ या शब्दाविषयी. व्यापारी लिखाणात तो मी वापरणार नाही. व्यापारात तोटा म्हणजे नफ्याच्या उलट, पैशांत मोजलेले नुकसान. शिवाय ‘पाण्याचा तोटा’ म्हणताना आपल्याला टंचाई अभिप्रेत असते, त्यामुळे ‘माहितीचा तोटा’ असे लिहिले तर माहिती कमी पडली असाच अर्थ होईल. मी ‘लाभ आणि उणिवा’ असे लिहीन, आणि जे अजून घडलेले नाही पण घडू शकते त्याला ‘धोका’ म्हणेन. नवी आज्ञावली घेण्याचा खर्च हा खर्च आहे, उणीव नव्हे. नोंद चुकीची होणे ही उणीव. वैयक्तिक माहिती बाहेर फुटणे हा धोका. त्यासाठी आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आहे.

उणीव कशी असते ते माझ्या अनुभवातून सांगतो. आमरसाचे डबे भरणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेब पाहत असताना तेथे नवी आज्ञावली आली. एका खोक्यात सहा डबे बसत. परंतु सुरुवातीला परिमाण भरताना कोणीतरी बारा असे भरले. पुढे प्रत्येक खोक्याची नोंद अगदी बिनचूक होत गेली आणि प्रत्येक बिनचूक नोंदीने ती चूक वाढत गेली. पडद्यावर माल दुप्पट दिसत होता, त्या भरवशावर मागणी स्वीकारली गेली आणि माल पाठवायच्या दिवशी गोदाम अर्धेच निघाले. पूर्वी गोदामाची वही लिहिणारा माणूस संध्याकाळी थप्प्या मोजून ताळा पाही. नवी सोय आल्यावर ‘आता सगळे आपोआप होते’ म्हणून आम्ही ते मोजणे बंद केले होते. ‘ताळा’ हा आपला जुना शब्द आपल्या टिपणांत आवर्जून यावा, अशी माझी विनंती आहे. माहिती प्रणालीतली सर्वांत महत्त्वाची क्रिया त्यात सामावलेली आहे : कागदावरचे आणि प्रत्यक्षातले जुळते का, हे पाहणे.

आणखी एका वाक्याकडे लक्ष वेधतो : ‘सिस्टिममध्ये दिसत नाही.’ या वाक्याला कर्ता नाही. नोंद कोणी केली नाही, कोणी करायला हवी होती, ती आता कोण करील, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही आणि समोरचा माणूस हात हलवत परत जातो. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या हिशेबप्रणालीने शाखांच्या हिशेबात तूट दाखवली, पडद्यावरचा आकडा खरा आणि माणूस खोटा असे धरले गेले, आणि ९०० हून अधिक शाखाचालकांना दोषी ठरवण्यात आले. दोष प्रणालीत होता हे सिद्ध व्हायला कित्येक वर्षे गेली. म्हणून लिहिताना तरी ‘अमुक कर्मचाऱ्याने नोंद केलेली नाही’ असे कर्त्यासह लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

दुसरा प्रतिसाद (हर्णेहून, मासळीच्या व्यापारातील एका भगिनीकडून)

सर, पन्हळीचे उदाहरण मनाला पटले, पण एका ठिकाणी ते अपुरे पडते. पाणी वाटले की कमी होते. खबर वाटली की कमी होत नाही, मात्र तिची किंमत उतरते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहाने मोजलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांवरून मासळी कोठे सापडण्याची शक्यता आहे याचा सल्ला देते. तो सल्ला एकाच तांडेलाकडे, म्हणजे नौकेच्या प्रमुखाकडे, असेल तर त्याची ती कमाई. सगळ्या नौकांना मिळाला की सगळ्या तिकडेच वळतात. बंदरावर आम्ही याला ‘माहिती’ म्हणत नाही, ‘खबर’ म्हणतो, कारण सकाळची खबर संध्याकाळच्या लिलावाला शिळी झालेली असते. माहितीला वय असते, हे ‘माहिती’ या शब्दातून कळत नाही आणि ‘खबर’ या शब्दातून कळते.

सर्वांना माहिती मिळण्याने एकूण नुकसानच होते, असे मात्र मी म्हणत नाही. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल फोन आल्यावर काय झाले, याचा रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कोळी समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरावर काय दर आहे हे विचारू लागले, त्यामुळे बंदराबंदरांतील दरांची तफावत कमी झाली आणि गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून देणे जवळजवळ थांबले. कोळ्याची मिळकत वाढली आणि खाणाऱ्यालाही मासळी थोडी स्वस्त पडली. हा लाभ आपल्या टिपणांत असावा.

उणिवांत विजेवरचे अवलंबन घालावे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आले, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि फोन लागत नव्हते. कोणाकडून किती येणे आहे हे ज्यांनी फक्त फोनमध्ये ठेवले होते, ते हातावर हात ठेवून बसले. माझ्या सासूबाईंची वही पत्र्याच्या पेटीत होती. आमचा हिशेब तिच्यावर चालला.

तिसरा प्रतिसाद (चिपळूणहून, एका दुकानदाराकडून)

वहीवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, एवढेच नमूद करतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेतील दुकानांत पाणी शिरले तेव्हा आमचा संगणक आणि खतावण्या एकाच पाण्यात बुडाल्या. वह्यांची पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. हिशेब परत मिळाला तो पुण्यातील कर सल्लागाराकडे दर महिन्याला नक्कल पाठवत होतो म्हणून. ‘बॅकअप’ला ‘राखीव प्रत’ म्हणतात. माझ्या मते ती प्रत दुसऱ्या गावी असल्याशिवाय राखीव होत नाही, आणि हे व्याख्येतच यावे.

पहिल्या प्रतिसादकांचे उत्तर

भगिनींचा मुद्दा मला मान्य आहे. पाणी आणि खबर यांतील फरक माझ्या लक्षात आला नव्हता. ‘प्रणाली’ हा शब्द वाहण्याची वाट सांगतो, वाहणाऱ्या वस्तूचा स्वभाव सांगत नाही, असे म्हणणे अधिक अचूक होईल. राखीव प्रतीविषयीची सूचनाही तंतोतंत बरोबर आहे.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. शीर्षक मी ‘व्यवसायातील माहिती प्रणाली : लाभ, उणिवा आणि धोके’ असे करीत आहे, आणि ‘ताळा’, ‘पट्टी’ व ‘राखीव प्रत’ हे शब्द व्याख्यांसह घेत आहे. शेवटची एक शंका : अनेकवचन ‘प्रणाली’ करावे की ‘प्रणाल्या’?

पहिल्या प्रतिसादकांचे उत्तर

छापील मजकुरात ‘विविध प्रणाली’ असेच रूढ आहे. ‘दासी’, ‘युवती’ या तत्सम शब्दांप्रमाणे ते अनेकवचनात बदलत नाही. ‘नद्या’च्या धर्तीवर ‘प्रणाल्या’ म्हणणाराही चुकतो असे मी म्हणणार नाही, पण टिपणांत एकच रूप शेवटपर्यंत ठेवावे. वाक्यात क्रियापद अनेकवचनी असले की वाचकाला अडचण येत नाही : ‘या प्रणाली एकमेकींना जोडलेल्या आहेत.’