बोल्सोव्हर एका रात्रीत पडलं नाही

२०१९ च्या ब्रिटिश संसदीय निवडणुकीत बोल्सोव्हर या इंग्लंडमधल्या जुन्या खाणपट्ट्यातल्या मतदारसंघाचे खाणकामगार मजूर पक्षाकडून एकगठ्ठा हुजूर पक्षाकडे गेले, असं म्हटलं जातं. आकडे तसं सांगत नाहीत. २०१७ च्या तुलनेत मजूर पक्षाचे तिथले खासदार डेनिस स्किनर यांची मतं २४,१५३ वरून १६,४९२ वर आली, म्हणजे ७,६६१ ची घट. हुजूर पक्षाची वाढ मात्र १८,८६५ वरून २१,७९१, जेमतेम २,९२६. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मागणी करणाऱ्या ब्रेक्झिट पार्टीने ४,१५१ घेतली, आणि मतदानही घटलं. अर्थात हे निव्वळ फरक. कोण कुठून कुठे गेलं ते यावरून कळत नाही.

मुळात गळती जुनी. स्किनर यांचं मताधिक्य १९९७ ला २७,१४९, २०१० ला ११,१८२, २०१७ ला ५,२८८. बोल्सोव्हर आणि याच मतदारसंघातल्या शायरब्रुकच्या कोळसा खाणी १९९३ मध्येच बंद झाल्या. शायरब्रुकच्या खाणीच्या जागेवर पुढे स्पोर्ट्स डायरेक्ट या क्रीडासाहित्य विकणाऱ्या कंपनीचं गोदाम आलं, तिथे बहुतेक कामगार एजन्सीमार्फत घेतलेले होते. खाणीबरोबर कामगार संघटनेची शाखाही गेली की घरोघर फिरून मतदार बाहेर काढणारी माणसं कुठून आणणार? स्किनर स्वतः युरोपीय संघाचे जुने विरोधक, तरी ब्रेक्झिटवर दुसरं सार्वमत घेण्याच्या पक्षाच्या भूमिकेचा फटका त्यांना बसलाच. २०२४ मध्ये जागा पुन्हा मजूर पक्षाकडे आली.